बाराबंदीपासून सुरुवात करा!

शिवजयंतीची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. ढोल-ताशा, भगवे झेंडे आणि पुढे मावळ्यांची रांग. सगळ्यांचे अंगरखे चकाकणारे, एकाच गठ्ठ्यातून आणलेले, भाड्याचे. पाठीला चेन, कमरेला सॅटिनचा शेला, पायात स्पोर्ट्स शूज. फोटो भारी येतो, पण दहा मिनिटांत पॉलिस्टरच्या आत घामाच्या धारा लागतात. असल्या कपड्यात सह्याद्री चढायचा म्हटलं तर पहिल्या चढालाच दम निघेल.

मग खरे मावळे काय घालत होते? हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर एका भन्नाट छंदाच्या दारात तुम्ही उभे आहात. जगभरात अनेक तरुण मुलंमुली हौस म्हणून जुन्या काळचे कपडे स्वतः शिवतात. आधी अभ्यास, मग कागदावर आराखडा, मग कात्री. त्यासाठी लंडनला जायची गरज नाही. विंचूरसारख्या गावातसुद्धा हे सगळं जमतं. खरं तर विंचूरमध्ये जास्तच जमेल!

आधी साल ठरवा

'पेशवाई ड्रेस' असं म्हणून सुरुवात केली की घोटाळा झालाच म्हणून समजा. बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले 1713 मध्ये आणि पेशवाई संपली 1818 मध्ये. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं. तुमच्या पणजोबांचे आणि तुमचे कपडे सारखे आहेत का? नाही ना? मग शंभर वर्षांचा एकच ड्रेस कसा असेल?

म्हणून तीन गोष्टी वहीत लिहा. कोणतं साल? कोण माणूस? कोणता प्रसंग? विंचूरकरांसाठी उदाहरण घरचंच आहे. ज्यांच्यामुळे गावाचं नाव इतिहासात गेलं, ते विठ्ठल शिवदेव विंचूरकर 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर लढले. आता त्यांच्या पथकातला एक साधा बारगीर डोळ्यांसमोर आणा. उत्तरेतली जानेवारीची थंडी आहे, हातात भाला आहे, खाली घोडा आहे. त्याच्या अंगावर जरीचा शेला असेल, की कापूस भरून शिवलेली जाड बंडी? घोड्यावर बसायचं तर घेर किती लागेल? प्रश्न असे नेमके झाले की कापड आपोआप ठरत जातं.

चित्रं बघा, सिरियल नको

टीव्हीवरचे कपडे कॅमेऱ्यासाठी शिवलेले असतात. तुम्ही त्या काळातल्या चित्रांकडे जा. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली लघुचित्रं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत, त्यांचे फोटो मोबाइलवर बघता येतात. उत्तर पेशवाईसाठी जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार आहे. 1790 नंतर तो पुण्यात होता आणि त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस यांना समोर बसवून रंगवलं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. सहलीला गेलात तर तिथे सेल्फीपेक्षा शिवण बघा.

बघताना फोटो झूम करा. बंद कुठल्या बाजूला बांधलाय? मुघल काळातल्या चित्रांमध्ये जाम्याचे बंद हिंदू पुरुष साधारणपणे डाव्या बगलेखाली बांधतात, मुसलमान पुरुष उजव्या. एवढ्याशा गाठीवरून माणूस ओळखू येतो. बाही मनगटाशी चुण्या पडेल इतकी लांब आहे का? डोक्यावर बांधलेलं पागोटं आहे, की पगडबंदाने आधीच बसवून दिलेली पगडी? असं निरखायला लागलात की पुस्तकात कधी न दिसलेला इतिहास दिसायला लागतो.

जुने कपडे म्हणजे भूमिती

पहिल्याच वेळी महाराजांचा जामा शिवायला घेऊ नका. बाराबंदी घ्या. बटण नाही, चेन नाही, काज नाही. बारा बंद, म्हणजे सहा जोड्या, काही आत आणि काही बाहेर. शिवाय हा कपडा अजून जिवंत आहे. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे भाविक आजही पांढरी बाराबंदी घालतात. म्हणजे बघायला आणि विचारायला माणसं आहेत.

बाराबंदी उलगडून बघितली की गंमत कळते. सगळे तुकडे चौकोन नाहीतर त्रिकोण. हातमागाचं कापड कमी पन्ह्याचं आणि महाग. त्यामुळे चिंधीसुद्धा वाया जाऊ नये अशी कापणी. घेर हवा तर बाजूला तिरक्या कळ्या जोडायच्या. हात वर करताना कापड ओढलं जाऊ नये म्हणून बगलेत छोटा चौकोनी तुकडा, त्याला म्हणतात चौबगला. तलवार उगारणाऱ्या हाताला हीच मोकळीक लागायची. भाड्याच्या अंगरख्यात चौबगला नसतो, म्हणून फोटोसाठी हात उंचावला की तो बगलेत उसवतो.

काम कसं करायचं?

कोरं सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. ते आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर मेहनत वाया. पहिला नमुना मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा करा. तो अंगावर चढवा, खाली बसा, हात फिरवा, मग चांगल्या कापडावर कात्री चालवा. बाराबंदीला साधारण अडीच-तीन मीटर कापड पुरतं. उंची आणि पन्हा बघून आधी कागदावर तुकडे मांडून घ्या. बंद त्याच कापडाच्या पट्ट्यांचे करा, वीतभर लांब.

मशीन वापरायचं की नाही? सिंगरने त्याच्या शिलाई मशीनचं पेटंट घेतलं 1851 मध्ये. त्याआधीची वीसेक वर्षं सोडली तर सगळं हातानेच शिवलं जायचं. तुम्ही आतली लांब शिवण मशीनवर मारा आणि बाहेर दिसणारी हाताने घाला. धावदोरा, उलटी टीप आणि हेम, हे तीन टाके आले की झालं. रंगाचंही कॅलेंडर असतं. पहिला रासायनिक रंग निघाला 1856 मध्ये, त्यामुळे झगझगीत राणी रंगाचा बारगीर पानिपतावर नको. कोरा पांढरा चालेल, हळद, मंजिष्ठ, नीळ चालेल. प्रयोग करायचा असेल तर लासलगाव शेजारीच आहे. कांद्याच्या साली उकळा, तुरटी घाला, मस्त पिवळसर-तपकिरी रंग चढतो.

येवला जवळ आहे, म्हणून जपून

मुलींनो, तुमच्यासाठी तर आख्खं कपाट उघडं आहे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर न शिवलेलं कापड, आणि ते नेसायच्या तऱ्हा गावागणिक वेगळ्या. आता शिवलेली नऊवारी मिळते, पॅन्टसारखी चढवायची. गॅदरिंगला ठीक आहे. पण आजीला जे नेसता येतं, ते तिच्यानंतर कुणाला येणार? एका दुपारी तिच्यासमोर बसा, मोबाइल स्टँडवर लावा आणि प्रत्येक चूण रेकॉर्ड करा. शेतात नेसायचं कसं, लग्नात कसं, हेही विचारा.

पुढे येवला. हातमागावरची पैठणी विणायला काही आठवड्यांपासून काही महिने जातात. घरात जुनी पैठणी असेल तर ती ड्रेससाठी कापू नका. खणाच्या चोळीपासून सुरुवात करा. आणि येवल्याला गेलात तर फक्त दुकानात नको, मागावर जा. काठ कसा विणतात ते बघितलं की आपण किती घाईत कापड विकत घेतो ते कळेल.

हे काय, पोरगा शिवणकाम करणार?

असं कुणीतरी म्हणणारच. त्यांना सांगा, संत नामदेव शिंपी होते. कोल्हापूरच्या भानू अथैय्यांना 1983 मध्ये 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं, जॉन मोलो यांच्या जोडीने. भारताचं ते पहिलं ऑस्कर! त्यांच्यापुढे काय काम होतं बघा. पन्नासहून जास्त वर्षांची गोष्ट, आणि त्यात शेतकरी, वकील, शिपाई, रेल्वेतले प्रवासी. राजेरजवाडे थोडे, साधी माणसं फार.

खरी मेख इथेच आहे. सरदारांचे पोशाख चित्रांत आले, संग्रहालयात जपले गेले. साध्या माणसाचा कपडा मात्र फाटेपर्यंत वापरला गेला, मग त्याची गोधडी झाली, मग पोतेरं. बारगिराच्या अंगावर काय होतं, पाणी भरणारी बाई काय नेसत होती, हे सांगणारं कापड फार थोडं उरलंय. जे उरलंय ते घरातल्या ट्रंकेत आहे आणि म्हाताऱ्या हातांत आहे. इंग्लंडमध्ये जॅनेट अर्नल्ड या बाईंनी संग्रहालयांतले जुने कपडे इंच न् इंच मोजून त्यांच्या कापणीच्या आकृत्या छापल्या. आज हौशी लोक त्यावरून शिवतात. तुम्ही तेच गावात करू शकता.

गावातल्या सगळ्यात वयस्कर शिंपीकाकांकडे जा. "काका, बाराबंदीची कापणी दाखवता का?" एवढंच विचारा. बहुतेक ते आधी हसतील, मग खडू मागतील. ते बोलतील ते लिहून घ्या. पणजोबांची बंडी ट्रंकेत सापडली तर धुवायला टाकू नका. सपाट पसरा, टेप लावा, आकृती काढा, उलट बाजूच्या शिवणीचा फोटो घ्या आणि मऊ सुती कापडात गुंडाळून परत ठेवा.

पुढची शिवजयंती 19 फेब्रुवारीला. रोज तासभर दिला तर बाराबंदी दोन-तीन आठवड्यांत होते, सुरवारीला आणखी एक धरा. मांजरपाट गावातच मिळेल. मिरवणुकीत तुमचा एकच अंगरखा चकाकणार नाही आणि हात वर केल्यावर उसवणारही नाही. कुणी विचारलं, "कुठून भाड्याने आणला रे?" तर काय सांगायचं ते तुम्हाला माहीत असेल.