सुजलेली पोटरी चोळू नका!

हाड मोडले म्हणून किंवा बाळंतपणानंतर माणूस बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिला, की कधी कधी एकाच पायाची पोटरी सुजते, दुखते, गरम लागते. घरातली मंडळी म्हणतात, ‘तेल लावून चोळा.’ इथेच घात होतो!

पाटाचे पाणी थांबले की गाळ बसतो, तसेच रक्ताचे. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर हृदयाकडे ढकलतात. माणूस पडून राहिला की ते शिरेत रेंगाळते आणि गोठून गुठळी होते. चोळल्याने ती सुटू शकते. सुटलेली गुठळी हृदयातून फुफ्फुसात जाऊन अडकते. एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते, कधी थुंकीतून रक्त पडते. गुठळी मोठी असली तर जीवही जातो. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी गुठळीचा हा प्रवास उलगडून दाखवला.

म्हणून पोटरी सुजली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली तर क्षणही दवडू नका. गुठळी वाढू न देणारी औषधे आहेत, पण ती वेळेवर मिळाली पाहिजेत. आणि डॉक्टरांनी सांगितले, की आजाऱ्याला, बाळंतिणीला लवकर उठवून चालते करा.