शनिवारच का?

शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पैसे २८ देशांतल्या एटीएममधून धडाधड निघू लागले. काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये परदेशातून गेले, अडीच कोटी भारतातून. सोमवारी बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे संदेश वाहणाऱ्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगला रवाना झाले. ९४ कोटींचा दरोडा, आणि तिजोरीला कुणाचा हातही लागला नाही!

एटीएममध्ये कार्ड घातलं की ‘स्विच’मार्फत बँकेला विचारणा होते: शिल्लक आहे का, पैसे देऊ का? हल्लेखोरांनी मध्येच बनावट स्विच उभा केला होता. विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती; परस्पर होकार मिळत होता.

थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. आदल्याच दिवशी अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा धाडला होता: येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएममधून पैसे लुटण्याचा बेत शिजतोय, आजवर अशा टोळ्यांनी लहान-मध्यम वित्तसंस्था गाठल्या आहेत.

आता फेब्रुवारी २०१६ आठवा. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर तिच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून मनिलामार्गे लंपास झाले. सुरुवात गुरुवारी रात्री. शुक्रवारी ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्क बंद, सोमवारी मनिलात चिनी नववर्ष. तीन देशांची पंचांगं चोरांनी एकत्र मांडली होती! अमेरिकी तपासयंत्रणांनी ही लूट उत्तर कोरियाशी जोडली. कॉसमॉसवरचा हल्लाही त्याच देशाचा, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये नोंदवलं.

मग अशा हल्लेखोरांना ओळखायचं कशावरून? घातक फाइलचा एक बिट बदलला की तिची ओळख पटवणारा ‘हॅश’ पार बदलतो, जुनी नोंद निरुपयोगी ठरते. सवयी मात्र सहजी सुटत नाहीत. सायबर सुरक्षातज्ज्ञ डेव्हिड बियान्को यांनी २०१३ मध्ये हेच एका पिरॅमिडमधून दाखवलं: तळाशी हॅश, शिखरावर हल्लेखोराची कार्यपद्धती. हॅश तपासणं हे यंत्राचं काम. पण कोण, कशासाठी, कुणावर आणि कधी चाल करून येईल, हा ‘स्ट्रॅटेजिक थ्रेट इंटेलिजन्स’चा प्रांत, आणि तो संचालक मंडळाच्याच टेबलावर यायला हवा. कारण अशा माहितीवर पैसा, माणसं आणि अधिकार यांचे निर्णय घ्यावे लागतात. जोडून सुट्ट्या आल्यावर पहाऱ्याला कोण असेल? इशारा आला तर शनिवारी दुपारी कार्डव्यवहार थांबवण्याचा अधिकार कुणाला? याचं उत्तर शुक्रवारच्या आत कागदावर हवं.