गिटारच्या दांडींतील सळई व तिची दुरुस्ती

कवठे महांकाळच्या पश्चिमेस असलेलें मिरज शहर तंतुवाद्यांकरितां सर्वश्रुत आहे. हत्यारांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत तेथें सतारी व तंबोरे घडविण्यास आरंभ केला. २०२४ सालीं या वाद्यांस भौगोलिक मानांकनही लाभलें. सतारीच्या रुंद, पोकळ दांडींत पोलादी सळई नसते; ताण लांकूडच सोसतें. इलेक्ट्रिक गिटारची दांडी मात्र बारीक, आणि तिजवरील सहा तारांचा एकत्रित ताण सुमारें ४५ किलोग्रॅम! त्यानें दांडी पुढें वाकते, तारा पडद्यांपासून उंचावतात व बोटें दुखूं लागतात. यावर उपाय म्हणून अमेरिकेंतील गिब्सन कारखान्याच्या थॅडियस मॅकह्यू यांनीं सळईची योजना केली. तिचें पेटंट १९२३ सालीं मिळालें.

ही सळई पडद्यांच्या पट्टीखालीं खाचेंत बसवितात. एक टोक पक्कें असतें; दुसऱ्यास आटे व नट असतो. नट आवळला कीं दांडी तारांच्या ओढीविरुद्ध मागें झुकते. तथापि दांडी अगदीं सरळही नको. कंप पावणारी तार मध्यावर अधिक हेलकावते, म्हणून तेथें किंचित् खोलगटपणा हवा.

नट फिरूनही दांडी हालत नसेल, तर सळई तुटली असें लगेच मानूं नये. प्रथम तारा सैल कराव्या, नट काढून आटे स्वच्छ करावे व तेलाचा एक थेंब द्यावा. नट आट्यांच्या शेवटास टेकला असेल, तर एक वायसर घालतांच काम भागतें. नटाचे आटे झिजले असतील, तर तो बदलावा. सळईचेच झिजले असतील, तर कारागीर नवे पाडूं शकतो. सळई आंत तुटली असेल, तरच पट्टी उष्णतेनें सैल करून पातळ पात्यानें उचलावी लागते. मग जुनी सळई काढून नवी बसवितात, पट्टी सरसानें चिकटवून सपाट आधारावर शिकंज्यांत आवळतात व सरस पूर्ण वाळूं देतात. दांडी स्क्रूंनीं जोडलेली असल्यास नवी दांडीच पुष्कळदां स्वस्त पडते.

एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक कधींही आवळूं नये. नट अडला कीं हात थांबवावा. तेथें जोर केल्यास सळई तुटते, प्रसंगीं लांकूडही चिरतें, आणि एका वायसरानें भागणारें काम दांडीवर बेततें.