पत्रिकेतील नावे वर-खाली का होतात? डीटीपीतील ‘अलाइनमेंट’ समजून घ्या

लग्नसराई आली की पत्रिका, जून उजाडला की क्लासेसची माहितीपत्रके आणि वर्षभर सराव परीक्षांच्या प्रश्नपत्रिका. नांदेड-लातूरच्या डीटीपी सेंटरना उसंत नसते. प्रूफ बहुधा व्हॉट्सअॅपवर येते, ग्राहक ‘ओके’ म्हणतो आणि छापील प्रत हातात आल्यावर ओळी सरकलेल्या दिसतात.

पत्रिकेत हे फक्त डोळ्यांना खटकते. पण ‘जोड्या लावा’ या प्रश्नात उजवा गट एक ओळ खाली घसरला, तर विद्यार्थी गोंधळतो. बाजारभावाच्या तक्त्यात सोयाबीनचा किमान दर कमाल दराच्या रकान्याखाली गेला, तर शेतकऱ्याला चुकीचा भाव वाचायला मिळतो. म्हणून मांडणीतील अंतर हा केवळ सजावटीचा विषय नाही.

स्पेसबारने जुळवलेली ओळ का सरकते?

रकाने जुळवण्यासाठी स्पेसबार दाबत राहणे ही सर्वात जुनी सवय. मात्र रिकाम्या जागेची रुंदी प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळी असते. फॉन्ट किंवा अक्षराचा आकार बदलला की सगळी जुळणी मोडते.

यावर उपाय म्हणजे टॅब. पेजमेकर, इनडिझाइन आणि कोरलड्रॉ या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये टॅब कुठे थांबावा हे ठरवता येते. दरांच्या आकड्यांसाठी उजवीकडून जुळणारा टॅब घ्यावा, म्हणजे एककाखाली एकक, दशकाखाली दशक येते. दशांश असलेल्या आकड्यांसाठी दशांश टॅब असतो. तक्ता मोठा असेल, तर सरळ टेबल तयार करावे.

‘अलाइन टॉप’ मराठीत का फसते?

कोरलड्रॉमध्ये दोन वस्तू निवडून ‘टी’ दाबले की त्या वरच्या कडेने जुळतात, ‘बी’ने खालच्या कडेने, ‘एल’ने डावीकडून आणि ‘आर’ने उजवीकडून. शिफ्ट धरून एकेक वस्तू निवडली असेल, तर शेवटी निवडलेली वस्तू जागेवर राहते आणि बाकीच्या तिच्याकडे सरकतात.

खरी अडचण इथे आहे. सॉफ्टवेअर शब्दाभोवतीची अदृश्य चौकट मोजते, शिरोरेषा नाही. ‘अमर’ या शब्दावर काहीच नाही. ‘गौरी’वर मात्रा आणि वेलांटी आहे. दोन्ही नावे वरच्या कडेने जुळवली, तर ‘गौरी’ची शिरोरेषा खाली जाते. खालच्या कडेने जुळवताना उकार आणि ऋकार असाच घोळ घालतात.

त्यामुळे शेजारी येणारी नावे बेसलाइनवर जुळवावीत. कोरलड्रॉच्या ‘अलाइन अँड डिस्ट्रिब्यूट’मध्ये मजकुरासाठी हा पर्याय आहे. फॉन्ट आणि आकार एकच असेल, तर शिरोरेषाही आपोआप एका रेषेत येते. नाहीतर एक गाइडलाइन ओढून तिच्यावर शिरोरेषा टेकवावी.

‘अलाइन’ आणि ‘डिस्ट्रिब्यूट’मध्ये फरक काय?

‘अलाइन’ वस्तूंना एका रेषेत आणते. ‘डिस्ट्रिब्यूट’ त्यांच्यातील अंतर समान करते. क्लासच्या फ्लेक्सवर गुणवंतांचे दहा फोटो असतील, तर दोन्ही लागतात. फोटो कमी-जास्त रुंदीचे असल्यास मध्यबिंदूंमधील नव्हे, कडांमधील मोकळी जागा समान करावी. इनडिझाइनमध्ये हे पॅनल शिफ्ट आणि एफ ७ दाबून उघडते.

ओळींमध्ये अंतर किती ठेवावे?

इनडिझाइन आणि पेजमेकर स्वतःहून अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के अंतर ठेवतात. म्हणजे १० पॉइंटच्या अक्षराला १२ पॉइंट. हे माप रोमन लिपीला मानवते. देवनागरीत वर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार असतो. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. १० पॉइंटच्या मराठी मजकुराला साधारण १३ ते १५ पॉइंट अंतर द्यावे. नेमके माप फॉन्टवर ठरते.

हे अंतर ‘ऑटो’वर सोडू नये. ओळीत एखादा शब्द मोठा केला, तर तेवढ्याच ओळीचे अंतर वाढते.

ओळ दोन्हीकडून सरळ हवीच का?

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’सारखा लांब शब्द अरुंद रकान्यात मावला नाही की पुढच्या ओळीत जातो आणि मागे उरलेल्या तीन शब्दांत मोठी भगदाडे पडतात. ती भरण्यासाठी अक्षरांमधील अंतर वाढवू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटासुटा दिसतो. अक्षरांतील अंतर शून्यच ठेवावे. रकाना रुंद करावा, अक्षर अर्धा पॉइंट कमी करावे किंवा मजकूर डावीकडून सरळ ठेवून उजवी कड मोकळी सोडावी.

एका फलकावर अनेक लिप्या

नांदेडमध्ये मराठीसोबत गुरुमुखी, उर्दू आणि तेलंगण सीमेकडे तेलुगू मजकूरही येतो. गुरुमुखीला शिरोरेषा आहे, त्यामुळे ती देवनागरीशी जुळते. तेलुगूची जोडाक्षरे खाली उतरतात, म्हणून खालची जागा वाढवावी लागते. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि नस्तालिक वळणाला ओळींमध्ये आणखी मोकळीक लागते. सर्व लिप्यांना एकच पॉइंट आकार दिला, तरी त्या सारख्या मोठ्या दिसत नाहीत. इथे आकड्यापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवावा.

दुसऱ्या संगणकावर फाइल का बिघडते?

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. तरी ती काही सेंटरमध्ये अजून चालते. तिच्यासाठी वापरलेले जुने मराठी फॉन्ट युनिकोड नाहीत. छापखान्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. इनडिझाइनमध्ये युनिकोड मजकुराची वेलांटी किंवा जोडाक्षर तुटत असेल, तर परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडावा.

छपाईला फॉन्टसह पीडीएफ द्यावी. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल आणि क्यू दाबून अक्षरे ‘कर्व्ह’ही करता येतात. मात्र नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी.

‘ओके’ म्हणण्यापूर्वी हे पाहा

- प्रूफ फोटोऐवजी पीडीएफ स्वरूपात मागवा आणि मोठे करून पाहा.
- शेजारच्या नावांच्या शिरोरेषा एका पातळीत आहेत का?
- उकार आणि मात्रा एकमेकांना भिडत नाहीत ना?
- तक्त्यातील प्रत्येक आकडा त्याच्याच मथळ्याखाली आहे का?
- शक्य असल्यास एक प्रत मूळ आकारात कागदावर काढून वाचा.

हजार प्रती छापून झाल्यावर सापडलेली चूक ग्राहकाला किंवा सेंटरचालकाला, कुणाला तरी भरून द्यावी लागते. त्यापेक्षा कागदावर काढलेली एक प्रत केव्हाही स्वस्त.