शिवारातलं चित्र गावातच मांडा

डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या पाड्यांवरची वारली चित्रं आपण पाहिली असतील. कुडाची भिंत शेणानं सारवायची, गेरू लावायचा आणि तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून चित्र काढायचं. चित्रात काय? लग्नाचा चौक, तारप्याचा नाच, भाताची लावणी, कापणी. म्हणजे आपलंच शिवार!

पूर्वी लग्नघरी सवासिनी ही चित्रं काढत. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर, कापडावर आणली. १९७५ मध्ये मुंबईत त्यांचं प्रदर्शन भरलं, २०११ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. २०१८ मध्ये ते वारले.

आता सिमेंटची घरं आली, सारवलेली भिंत गेली. मग गावातल्या पोरांनी चित्र पाहायचं कुठं?

सरपंचांनी हा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा. पंचायतीच्या सभागृहाची एक भिंत द्या. लावणी आटोपली की पाड्यातल्या जाणत्या बायांना बोलवा, शाळेतली पोरं हाताशी द्या. मजुरी आधी ठरवा. कला म्हणून फुकट राबवू नका. चित्राखाली काढणाराचं नाव, पाडा आणि साल लिहा.

आणखी एक काम करा. चित्रातल्या खाचरात पूर्वी कोणतं भात व्हायचं, ते पोरांनी आजीला विचारून वहीत उतरवावं. ते बियाणं कुणाच्या कणगीत उरलं असेल, तर कृषी कार्यालयाला जरूर कळवा. भिंत पुन्हा रंगवता येते. गेलेलं वाण परत येत नाही.