घाट न चढता: वाई, मेणवली, धोम

परवा पसरणी घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो होतो. नवीकोरी रोड बाईक घेतलेल्या एका पोराने विचारलं, "काका, घाट सोडून इथे चालवण्यासारखं काही आहे का?"

आहे की!

वाईत ढोल्या गणपतीला हात जोडायचे आणि कृष्णेच्या काठाने वर निघायचं. तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे नदीचा घाट आणि तिथल्या छोट्याशा देवळात टांगलेली भलीमोठी पोर्तुगीज घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाची ही लूट. 'स्वदेस'चं चित्रीकरणही इथलंच, त्यामुळे सेल्फीवाल्यांच्या आधी पोचलेलं बरं.

पुढे उसाच्या, हळदीच्या रानांतून रस्ता हलका खाली-वर होत धोमला जातो. देवळात दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी बघाच. मग धरणाचं पाणी.

ऊसतोडणीच्या दिवसांत ट्रॉल्यांमधून पडलेली कांडं वळणावर दगा देतात. २५ ऐवजी २८ मिमीचे टायर लावा, हवा जरा कमी ठेवा. हेल्मेट सांगायला नकोच.

टायर, गिअर, गाडी कुठे लावायची, काहीही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा.