लघवीच्या नळीतले जंतू औषधाने का जात नाहीत?

"डॉक्टर, रिपोर्टमध्ये पुन्हा जंतू आलेत." अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांचा मुलगा चौथा युरिन कल्चर रिपोर्ट माझ्यासमोर ठेवत म्हणाला. आजोबांना पाच महिन्यांपासून लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, लावलेली होती. दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स व्हायचा, काही दिवसांनी पुन्हा तपासणी आणि पुन्हा जंतू. या वेळी तर गोळ्यांच्या बहुतेक औषधांपुढे 'रेझिस्टंट' लिहिलेले होते. उरली होती ती महागडी इंजेक्शने.

मी विचारले, ताप आहे का? नाही. जेवतात का? हो, नातवाशी गप्पाही मारतात. मग तपासणी कशासाठी केली? "लघवी गढूळ दिसली म्हणून."

इथेच गडबड होते. ती समजून घ्यायची तर बायोफिल्म म्हणजे काय हे कळायला हवे.

आपण जंतूंची कल्पना करतो ती सुटे सुटे तरंगणारे जीव अशी. पण ओला पृष्ठभाग मिळाला की जिवाणू त्याला चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडून त्यातच वस्ती करतात. हाच बायोफिल्म. सकाळी दातांवरून जीभ फिरवल्यावर जो बुळबुळीत थर लागतो, तोही बायोफिल्मच. १६८०च्या दशकात हॉलंडमधल्या लेव्हेनहूक यांनी स्वतःच्या दातांवरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना त्यात हलणारे जीव दिसले. व्हिनेगरने चूळ भरली तर थराच्या बाहेरचेच जीव मरतात, आतले नाही, हेही त्यांच्या लक्षात आले होते. अँटिबायोटिकच्या बाबतीत आज आपण त्याच अडचणीत आहोत.

थरात सगळीकडे औषध सारखे पोहोचत नाही. शिवाय तळाशी अन्न आणि ऑक्सिजन कमी असल्याने तिथले जिवाणू जवळजवळ झोपेत असतात. बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जिवाणूंवर चांगली चालतात, झोपलेल्यांवर नाही. त्यामुळे सुटा जंतू ज्या मात्रेने मरतो, त्याच्या शेकडो पट मात्राही थरातल्या जंतूला पुरत नाही. कोर्स झाला की वरचे मरतात, रिपोर्ट काही दिवस चांगला येतो. मग तळाचे पुन्हा वाढतात, आणि दर कोर्सनंतर औषधाला दाद न देणारेच जास्त उरतात.

नळी घातल्यावर दररोज साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात. महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतात. म्हणून रुग्णाला त्रास नसताना केवळ रिपोर्टमध्ये जंतू किंवा पस सेल्स आहेत, लघवी गढूळ आहे किंवा वास येतो, एवढ्यावरून अँटिबायोटिक देऊ नये. गरोदर स्त्रिया आणि लघवीच्या मार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण यांची गोष्ट वेगळी. चालू असलेला कोर्स मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

थंडी वाजून ताप, कमरेत किंवा ओटीपोटात नव्याने दुखणे, अचानक गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, बॅगेत लघवी येणे बंद होणे, यांपैकी काहीही झाले तर उशीर करू नका. तेव्हा अँटिबायोटिक लागू शकते. पण नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल आणि अजून तिची गरज असेल, तर ती बदलावी आणि कल्चरसाठी नमुना नव्या नळीतून घ्यावा. जुन्या नळीतला नमुना म्हणजे बहुतेक वेळा त्या थराचाच नमुना.

काही वेळा नळी वारंवार तुंबते. प्रोटियस नावाचा जिवाणू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतो, त्यामुळे क्षार साचतात आणि नळी आतून खड्यासारखी कडक होते. अशी नळी घरी ओढून काढू नका. आत पाण्याचा फुगा असतो, इजा होईल.

घराची पाण्याची टाकी नुसते क्लोरीन टाकून साफ होत नाही, भिंतीवरचा बुळबुळीत थर आधी घासून काढावा लागतो. (हाच थर काही सांडपाणी प्रकल्पांत मुद्दाम दगडांवर वाढवतात, कारण तो घाण खातो. बायोफिल्म नेहमीच शत्रू असतो असे नाही.) शरीरातही तसेच. मधुमेहाच्या जुन्या जखमेतला सडलेला भाग काढावा लागतो, जंतू बसलेला कृत्रिम सांधा कधी कधी बदलावा लागतो. नळी तर त्या मानाने सहज बदलता येते.

घरी काय करायचे? युरो बॅग कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता ठेवा. पूर्ण भरायच्या आत रिकामी करा, आधी आणि नंतर हात धुवा. नळी आणि बॅगेचा जोड विनाकारण उघडू नका. रोज साबण-पाण्याने जागा स्वच्छ करा. नळीत जंतुनाशक सोडण्याचा उपाय कुणी सांगितला तरी करू नका. आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना विचारा, नळी अजून लागणारच आहे का? पुष्कळदा ती केवळ चादर ओली होऊ नये म्हणून राहिलेली असते.

आजोबांना अँटिबायोटिक दिले नाही. नळी काढून पाहिली, पण रात्री लघवी अडली आणि नवी घालावी लागली. पुढच्या महिन्यात पुन्हा प्रयत्न करणार आहोत. तोवर नवी नळी घातल्याची तारीख सूनबाईंनी पलंगाजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.